कुठले आठ?

कानकुनच्या हॉटेलात शिरल्या शिरल्या त्यांनी आमच्या मनगटाला निळा पट्टा बांधला. हा पट्टा असला की आवारात दिवसभर काहीही खा, काहीही प्या, पैसे आधीच भरलेले. तीन दिवसांत हिनं त्या पट्ट्याचा हिशोब इतका मनावर घेतला होता, की लेक जेव्हा म्हणाली, "आई, उद्या चिचेन इत्साला जायचंय, सकाळी सहाला बस येईल," तेव्हा हिचा पहिला प्रश्न होता, "मग उद्याच्या नाश्त्याचं काय?"

प्रश्न बिनतोड होता. जिथं तिन्ही त्रिकाळ जेवायचे पैसे भरलेत ते घर सोडायचं, आणखी पैसे भरून दोनशे किलोमीटर लांब दुसऱ्याच्या पंगतीला बसायचं, हा व्यवहार माझ्याही गळी उतरत नव्हता. आणि मी सदतीस वर्षं सहकारी बँकेत काढलेली आहेत.

पण जावयांपुढे आमचं चालत नाही. जावई मूळचे कोल्हापूरचे, हल्ली न्यू जर्सीचे. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असला की मेक्सिकोला वेगळा लागत नाही, ही बातमी त्यांनी आम्हाला अशी दिली होती, की जणू ती सवलत त्यांनीच मेक्सिको सरकारकडून मंजूर करून आणली. तेव्हा माया लोकांचे पडके वाडे, दुपारी एका नैसर्गिक विहिरीत पोहणं आणि संध्याकाळी परत, असा कार्यक्रम ठरला.

माया संस्कृती बघायला निघाल्यावर मी एकच निश्चय केला होता. 'माया' या शब्दावर कोटी करायची नाही. मराठी माणसाला हे कठीण जातं, पण मी पाळलं. जावयांनी मात्र लॉबीत बसची वाट बघता बघताच "सब माया है" म्हणून खातं उघडलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या एकूण नऊ झाल्या. मोजायची सवय, दुसरं काय.

बस आली. तिनं आम्हाला उचललं आणि पुढचा सव्वा तास ती कानकुनच्या प्रत्येक हॉटेलच्या दारात जाऊन उभी राहिली. आपल्याकडे लग्नाची बस गल्लीगल्लीतून वऱ्हाड गोळा करते तशी. फरक इतकाच, की इथं उशिरा येणाऱ्याला कोणी काकू ओरडत नव्हत्या. सगळे भरल्यावर दारातून एक मिटलेली छत्री आत आली. तिच्या टोकाला कापडी पोपट बांधलेला होता. छत्रीमागून गाइड आला. पन्नाशीचा, ठेंगणा, रुंद छातीचा माणूस. आम्हा चाळीस जणांना त्यानं तिथल्या तिथं "फॅमिली" करून टाकलं.

"लोक मला विचारतात, माया लोक कुठे गायब झाले?" तो माइकवर म्हणाला. "मी आज पहाटे साडेतीनला घरून गायब झालो. आई मात्र अजून घरीच आहे."

मग हेच त्यानं स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि बसचा उरलेला निम्मा भाग हसला. दिवसभर हे असंच चाललं. प्रत्येक विनोद दोनदा, प्रत्येक इतिहास दोनदा.

तो घरी आईशी युकातानच्या माया भाषेतच बोलतो. ही भाषा आजही सात लाखांहून जास्त लोक बोलतात, आणि त्यात खुशाली विचारताना "बिश अ बेल?" म्हणतात. शब्दशः अर्थ, तुझी वाट कशी आहे? आम्हा सगळ्यांकडून त्यानं ते वदवून घेतलं. वाट कशी होती विचाराल तर सरळ होती. नुसती सरळ. कानकुन सोडल्यावर दोन तासांत ड्रायव्हरनं स्टिअरिंग फिरवल्याचं मला आठवत नाही. दोन्ही बाजूंना हिरव्या झाडीची भिंत. घाट नाही, वळण नाही, वळणावर वडापाव नाही. आणि मुख्य म्हणजे पूल नाही.

हे हिच्या लक्षात आलं. नदी दिसली की खिडकीतून हात जोडून नाणं टाकायची हिची सवय आहे. तासभर ती पाच पेसो मुठीत धरून बसली होती. शेवटी म्हणाली, "अहो, यांच्याकडे नदीच नाही का हो?"

नाहीच. सगळा उत्तर युकातान म्हणजे चुनखडीची सपाट फळी. आपला सह्याद्रीचा काळा पत्थर पाणी वरच्या वर वाहू देतो, म्हणून आपल्याकडे ओढे, नाले आणि धबधब्यांखाली मोबाइल हरवणारे लोक आहेत. चुनखडीचं तसं नाही. पावसाचं पाणी तिला विरघळवत, भोकं पाडत खाली मुरतं आणि जमिनीच्या पोटातून नद्या वाहतात. कुठं कुठं वरचं छत कोसळतं आणि खालचं पाणी उघडं पडतं. त्या विहिरीला माया भाषेत 'द्झोनोत' म्हणत. स्पॅनिश लोकांच्या जिभेला ते झेपेना, त्यांनी 'सेनोते' केलं. अख्खी माया शहरं या विहिरींच्या काठी वसली, कारण प्यायला दुसरं पाणीच नव्हतं. चिचेन इत्सा या नावाचा अर्थच मुळी 'इत्सा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी' असा आहे. म्हणजे आपल्याकडे 'विहिरीपाशी उतरा' म्हणतात, तसला पत्ता.

गाइडनं पुढं सांगितलं, की इथून पश्चिमेला, मेरिदाच्या बाजूला या विहिरी नकाशावर चक्क अर्धवर्तुळात मांडलेल्या आहेत. त्याबरोबर आमचा नऊ वर्षांचा नातू सीटवर उभा राहिला. "आजोबा, चिक्शुलूब!" सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी डायनासोरांवर जी उल्का पडली ती इथं, आणि त्या खड्ड्याच्या कडेनं या विहिरींची रांग लागली आहे. खड्डा सुमारे एकशेऐंशी किलोमीटर रुंदीचा. आपलं लोणार दोन किलोमीटरसुद्धा नाही.

इथं मला गप्प बसवेना. मी गाइडला लेकीमार्फत कळवलं, की डायनासोरांच्या प्रकरणात सगळं श्रेय युकातानला देणं बरोबर नाही. त्याच सुमाराला आमच्या महाराष्ट्रात लाव्हा उसळत होता, लाखो वर्षं, थरावर थर. त्या धुराचाही त्यात हात होता असं मानणारे शास्त्रज्ञ आहेत आणि हा वाद अजून चालू आहे. माझं घर त्याच लाव्हावर आहे, कोथरूडला.

"बाबा, खुनात कशाला वाटा मागताय?" लेक म्हणाली.

पण गाइडनं माइक बाजूला ठेवून माझ्याशी हस्तांदोलन केलं. कोर्टाच्या आवारात सहआरोपी भेटल्यावर व्हावा तसा आनंद त्याच्या तोंडावर होता.

आता आठांची गोष्ट. हिला रक्तदाबाची गोळी दोनदा असते. सकाळी आठ आणि रात्री आठ, वेळ चुकवायची नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलंय. बसमध्ये आठ वाजले, हिनं गोळी घेतली, पाणी प्यायली, डबी बंद केली. वीस-पंचवीस मिनिटांनी गाइड माइकवर म्हणाला, "फॅमिली, आनंदाची बातमी! आपण किंताना रो राज्यातून युकातान राज्यात शिरलोय. घड्याळ एक तास मागं करा. एक तास फुकट!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाजूच्या बाईंनी तर फुकटच्या तासात झोपायचं ठरवून डोळ्यांवर टोपी ओढली. आमच्या फोनवर आठ-पंचवीसचे सात-पंचवीस झाले. ही माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे आठ अजून वाजायचेत?"

"हो."

"मग मी मघाशी घेतली ती कुठल्या आठची?"

मी म्हटलं, ती किंताना रोच्या आठची. "आणि आता युकातानचे आठ वाजतील तेव्हा?" तेव्हा काही नाही, मी म्हटलं, ते आठ तसेच जाऊ द्यायचे. वाया जाऊ देणं या गोष्टीबद्दल हिच्या मनात जे आहे ते चेहऱ्यावर उमटलं, पण ती बोलली नाही.

ते दुसरे आठ आम्ही एका दुकानात घालवले. कार्यक्रमपत्रिकेत तिथं 'माया गाव, स्वच्छतागृहासाठी वीस मिनिटं' असं लिहिलं होतं. गाव म्हणजे एक गोदामवजा दुकान, आणि स्वच्छतागृह त्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, म्हणजे जाताना चांदी लागावी आणि येताना काळा काच-दगड. महाबळेश्वरची बस जॅमच्या फॅक्टरीत थांबते, कोल्हापूरची चपलांच्या दुकानात. हा नियम बहुधा पृथ्वीवर माणसाच्या आधीपासून आहे. दारात पिसांचा मुकुट घातलेले, अंगाला रंग फासलेले दोन योद्धे उभे होते. आम्ही आत शिरताना त्यांतल्या एकानं माझ्या मानेवर लाकडी सुरा ठेवला, दुसऱ्यानं हिच्या डोक्यावर हात, आणि कोणीतरी फोटो काढला. कशासाठी ते तेव्हा कळलं नाही.

आत विक्रेता ऑब्सिडियनच्या तबकड्या दाखवत होता. हा ज्वालामुखीचा काच-दगड, त्यातून सूर्याकडे बघता येतं म्हणे. मी विचारलं, ज्वालामुखी कुठाय तुमच्याकडे? युकातान तर सगळा चुनखडीचा. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, सर, हा हजार वर्षांपासून बाहेरूनच येतोय. ते खरंच आहे, माया लोक तो दुरून डोंगराळ मुलखातून व्यापारानं आणत. मला त्याचा प्रामाणिकपणा आवडला आणि मी काहीच घेतलं नाही.

चिचेन इत्साच्या दारात दोन तिकिटं काढावी लागतात. एका खिडकीवर केंद्राचं, दुसऱ्या खिडकीवर राज्याचं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. दोन पावत्या एकमेकींना जोडून जपून ठेवा, आत दोघांची दोन माणसं बघतात, असं गाइड सांगत होता तेव्हा बाकीचे लोक चक्रावले होते. आम्ही चौघं मोठी माणसं शांत होतो.

दारापासून पिरॅमिडपर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंना फेरीवाले. मुखवटे, टोप्या, गालिचे. "वन डॉलर, अमिगो, ऑलमोस्ट फ्री!" आता 'जवळजवळ फुकट' म्हणजे नेमकं किती, हे विचारायला ही थांबली, आणि पोपटाची छत्री पुढं निघून गेली. शिवाय इथं एक मातीची शिट्टी मिळते. ती फुंकली की जग्वार गुरगुरतो. शंभर फेरीवाले एकाच वेळी ती वाजवून दाखवत असतात. देवळाच्या आवारात पिपाण्या विकतात, तसंच, फक्त पिपाणीतून वाघ. नातवानं एक घेतली. त्या शिट्टीबद्दल दिवसभरात बसमधल्या तीन देशांच्या नागरिकांनी आमच्याकडे तक्रार केली.

आणि मग झाडी संपते, आणि तो समोर येतो. कुकुल्कानचा पिरॅमिड.

फोटोत तो भव्य वाटतो. प्रत्यक्षात तो नेटका वाटतो. तीस मीटर उंच, चार बाजू, काटकोनात बसवलेला, एखाद्या काटेकोर माणसानं घडी घातल्यासारखा. प्रत्येक बाजूला एक्क्याण्णव पायऱ्या. एक्क्याण्णव चोक तीनशे चौसष्ट, वरची एक धरून तीनशे पासष्ट. म्हणजे ही इमारत नाही, हे दिनदर्शिकेचं दगडी पान आहे. विषुवदिनाच्या सुमाराला मावळतीचं ऊन पायऱ्यांच्या कठड्यावर असं पडतं, की सावलीचा एक साप वरून सरपटत खाली येतो आणि पायथ्याच्या दगडी सापमुंडीला मिळतो. आम्ही गेलो डिसेंबरात. तेव्हा गाइडनं प्लॅस्टिकमध्ये घातलेला सापाचा फोटो पिरॅमिडसमोर धरला आणि आम्ही फोटोचा फोटो काढला.

"२००६ पासून वर चढायला बंदी आहे," गाइड म्हणाला. आमच्या फॅमिलीत एक हळहळ उठली. पण मी बारकाईनं पाहिलं, ती चाळिशीच्या आतल्यांची होती. बाकीच्यांनी मान हलवली, अरेरे म्हटलं, आणि प्रत्येकाच्या गुडघ्यांवरून एक समाधानाची लाट गेली. पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्यांना गेली सहा वर्षं टाळणारा मी, मोठ्या आवाजात "काय हे, इतक्या लांब येऊन!" म्हणालो. ही माझ्याकडे बघून हसली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली की हे असं होतं.

मग त्यानं आम्हाला पायऱ्यांसमोर उभं करून टाळी वाजवायला लावली. टाळी परत येते ती टाळी म्हणून येत नाही, पक्ष्याच्या चीत्कारासारखी घसरत येते. केत्साल नावाच्या पक्ष्याचा हा आवाज म्हणे. अरुंद पायऱ्यांवरून ध्वनी पायरी पायरीनं परततो म्हणून असं होतं. त्या मैदानात त्या वेळी किमान दहा फॅमिल्या होत्या आणि प्रत्येक गाइड आपापल्या लोकांकडून टाळ्या वाजवून घेत होता. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, पिरॅमिडचा सत्कार चाललाय.

पिरॅमिडच्या पोटात आणखी एक पिरॅमिड आहे. जुना न पाडता त्याच्यावरच नवा चढवला. १९३० च्या दशकात आत बोगदा काढला तेव्हा लाल रंगाचं जग्वारचं सिंहासन मिळालं, डोळ्यांत हिरवे जेड बसवलेलं. अलीकडे संशोधकांना त्याच्याही आत तिसरा दिसला. "स्टीलच्या डब्यात डबा," ही म्हणाली, "जुना मोडीत काढायचा नाही. शहाणी माणसं."

माझं मात्र शून्यावरून बिनसलं. गाइड सहज म्हणून गेला, की माया लोकांनी शून्य शोधलं. मी उभा होतो तिथून एक पाऊल पुढं आलो. शून्य? ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये शून्याचे हिशोब मांडले! गाइडनं शांतपणे आपल्या वहीत एक शिंपला काढून दाखवला. हे त्यांचं शून्य, आणि ते ब्रह्मगुप्ताच्या कित्येक शतकं आधीचं. दोघांनी आपापलं शोधलं, कोणी कोणाची कॉपी केली नाही, असं लेकीनं मध्यस्थी करून ठरवलं. पण पुढं तो म्हणाला, की आम्ही दहा-दहानं मोजत नाही, वीस-वीसनं मोजतो, हातापायांची बोटं धरून, तेव्हा माझा राग गेला. आमची आजी असंच मोजायची. शेणी असोत की आंबे, "दोन विसा नि सात". शंभरला ती पाच विसा म्हणायची आणि बँकेत लागल्यावर मी तिला हसायचो.

दिनदर्शिकेचा भाग हिला माझ्याआधी कळला. गाइड सांगत होता, त्यांची एक मोजणी दोनशे साठ दिवसांची, दुसरी तीनशे पासष्टची. दोन्ही चक्रं शेजारी शेजारी फिरतात आणि बावन्न वर्षांनी पुन्हा त्याच जागी जुळतात. तीनशे पासष्टमध्ये वीस दिवसांचे अठरा महिने, आणि उरलेले पाच दिवस अशुभ. त्या पाच दिवसांत काही चांगलं काम सुरू करायचं नाही.

"पितृपक्ष," ही म्हणाली.

मग आलंच ते २०१२. जग बुडणार म्हणून सगळ्यांनी गाजवलेलं. त्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या एका सद्गृहस्थांनी मेंटेनन्सचा चेक 'एकवीस डिसेंबरनंतर बघू' म्हणून अडवून ठेवला होता. गाइड कंटाळलेल्या सुरात म्हणाला, तेरा बक्तून, म्हणजे काळमोजणीचे तेरा टप्पे, पूर्ण झाले, पुढचा सुरू झाला, बस्स. हिला हेही पटलं. एकतीस डिसेंबरला कालनिर्णयाची पानं संपतात म्हणून कोणी टाहो फोडत नाही, किराणावाला नवं कधी देतो याची वाट बघतात.

एवढं सगळं ऐकवल्यावर काळ मोजणारे हे लोक आम्हाला म्हणाले, "फॅमिली, आता पंचेचाळीस मिनिटं मोकळा वेळ."

पंचेचाळीस मिनिटांत चेंडूचं मैदान झालं. एकशे अडुसष्ट मीटर लांब. दोन्ही भिंतींवर खूप उंचावर दगडी कडी, आणि त्यातून जड रबरी चेंडू ढुंगणाच्या धक्क्यानं पार करायचा. भिंतीवरच्या कोरीव कामात एका खेळाडूचं मुंडकं उडवलेलं आहे आणि मानेतून रक्ताच्या धारा सापांसारख्या निघाल्यात. मुंडकं हरलेल्याचं की जिंकलेल्याचं, यावर गाइड लोकांची दोन घराणी आहेत. आमचा जिंकलेल्याच्या बाजूचा. जावई म्हणाले, आमच्या ऑफिसात असंच आहे, चांगलं काम करणाऱ्याचाच बळी.

पवित्र सेनोतेपर्यंत आम्ही अक्षरशः पळत गेलो. हिरवंगार, स्तब्ध, साठ मीटर रुंदीचं पाणी. इथं पोहायचं नसतं, हे पाऊसदेवाचं. एडवर्ड थॉम्पसन नावाच्या अमेरिकन वकिलातीतल्या गृहस्थानं १८९४ मध्ये ही सगळी जमीनच, चिचेन इत्सासकट, विकत घेतली आणि १९०४ पासून या विहिरीतला गाळ उपसला. सोनं, जेड, धूप आणि माणसांची हाडं निघाली. माल हार्वर्डच्या संग्रहालयात गेला. विहिरीत कुमारिका बळी देत असं फार रंगवून सांगितलं जायचं, पण हाडं पुरुषांची आणि लहान मुलांचीही निघाली. हिच्या मुठीत ते पाच पेसो अजून होतेच. तिनं काठावरून हात जोडले, नाणं टाकायला हात उचलला, आणि मागून रखवालदाराची शिट्टी वाजली. साधी शिट्टी, जग्वारची नव्हे.

परतीच्या वाटेवर गाइडनं एका झाडाकडे बोट दाखवलं, "चिकोसापोते". याचा चीक म्हणजे चिकले, त्यापासून च्युइंगम बनवत. याचं लाकूड इतकं कठीण की इथल्या देवळांच्या दारांवर हजार वर्षांपूर्वीच्या तुळया याच्याच आहेत. ही पान उलटंसुलटं करून बघत होती. खाली पडलेलं तपकिरी फळ तिनं उचललं, नखानं खरवडलं आणि ओरडली, "अहो, हा तर चिकू!"

"चिकू?" गाइड म्हणाला.

"चिकू! घोलवड!"

आपल्या फळाला आपल्याच नावानं हाक मारणारी बाई भारतातून आली, याचं त्याला इतकं अप्रूप वाटलं की जेवणाच्या ठिकाणी त्यानं हिला थेट मुदपाकात नेलं. तिथं एक म्हातारी तव्यावर टॉर्टिया भाजत होती. मका रात्रभर चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, मग वाटायचा, हे खुणांनी सांगून झालं. हिनं हात धुतले, एक गोळा घेतला आणि दोन तळव्यांत थापून भाकरीसारखा फिरवत मोठा केला. म्हातारीनं तो हातात घेऊन उजेडाकडे धरला, कडा चिमटीत तपासल्या, आणि तव्यावर टाकला. तो फुगला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. पाच पेसो अखेर त्या म्हातारीच्या नातवाला गेले.

बाहेर आमच्या पानात मात्र भात, काकडी आणि 'डुकराची चरबी घातली आहे का' हे विचारून विचारून मिळवलेला घेवडा होता. डोक्यावर ग्लासांचा ट्रे तोलत मुली नाचत होत्या. जावयांनी "आम्ही कोल्हापूरचे" म्हणत आबानेरो मिरचीची चटणी चमच्यानं घेतली. मिरची मुळात इकडची, पोर्तुगीजांनी गोव्यात आणली, मग ती कोल्हापूरला पोचली. आजोळी गेलेल्या माणसानं जरा नम्र असावं. पुढची अकरा मिनिटं ते बोलले नाहीत. मायेवरची किमान एक कोटी वाचली.

आणि मग इक किल, आमची पोहायची विहीर. आधी शॉवर सक्तीचा, अंगाला क्रीम चालत नाही, लाइफ जॅकेट सक्तीचं. खडकात कोरलेल्या ओल्या पायऱ्यांवरून आम्ही उतरू लागलो. पाणी जमिनीखाली सव्वीस मीटर, आठ मजली इमारत उलटी खाली टाकली तर जेवढं होईल तेवढं. वर आभाळाचा गोल तुकडा, काठावरच्या झाडांची मुळं तिथून सुटून थेट पाण्यापर्यंत लोंबलेली, त्यांच्यावरून ठिबकणारे थेंब. पाणी काळसर निळं, त्यात बोटाएवढे काळे मासे. तळ चाळीस मीटरहून खोल. एरवी अखंड बडबडणारी आमची फॅमिली पायरीगणिक गप्प होत गेली.

मी पोहायला शिकलो ते मामाच्या मळ्यातल्या विहिरीत. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मामानं वरून ढकललं होतं. डबा सुटला तेव्हा पोहणं आलेलं होतं. तिथं सूर मारायचे, मुटके मारायचे, पाणी काठाबाहेर उडालं तरच मुटका खरा. इक किलच्या शेवटच्या पायरीवर नारिंगी जॅकेट घालून उभा राहिलो आणि पंचावन्न वर्षांनी पाठीला पुन्हा डबा लागल्यासारखं झालं. गुडघे पोटाशी घेतले, नाक धरलं.

"अहो!" वरून आवाज आला. शिट्टी वाजली. रखवालदाराची, की नातवाची, कळलं नाही. तोवर मी हवेत होतो.

जॅकेटवाला माणूस बुडत नाही, पाण्यावर बुचासारखा आदळतो, ही माहिती मामानं दिली नव्हती. पण पाणी उडालं. एका जर्मन बाईंच्या केसांपर्यंत उडालं. रखवालदारानं बोट हलवून दटावलं आणि हिनं वरच्या पायरीवरून पदर खोचून, पाय पाण्यात सोडून, तोंड फिरवलं. ती हसत होती हे मला पाठीवरून कळलं. मी आडवा होऊन वरचा आभाळाचा गोळा बघत पडलो. मग अर्थातच छत्रीचा पोपट पायऱ्यांवर दिसला. पंचेचाळीस मिनिटं झाली होती.

परतीच्या वाटेवर वायादोलिद गावात थांबायला वीस मिनिटं होती, ती दोन तास झाली. चौकात उतरलो तेव्हा फॅमिलीतले दोघे दिसेनात. सगळ्या बसेस पांढऱ्या, सगळ्या छत्र्या सारख्या. ते नवरा-बायको दुसऱ्याच फॅमिलीच्या बसमध्ये बसून मेरिदाच्या वाटेला लागले होते. त्यांना परत आणेपर्यंत आम्ही त्या चौकात अडकलो. अंधार पडला, पिवळ्या-गुलाबी घरांवर दिवे लागले. लेकीनं मार्केसीता आणली. कुल्फीच्या कोनासारखी कुरकुरीत गुंडाळी, आत किसलेलं चीज आणि गोड दुधाचा आटवलेला गोळा. चीज आणि गोड एकत्र, म्हणून ही आधी तोंड वाकडं करत होती, मग तिनं दुसरी मागवली. बागेत इंग्रजी एस आकाराच्या जोडखुर्च्या असतात, एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं, पण बसल्यावर दोघं समोरासमोर. तिथं बसून आम्ही हिच्या थोरल्या नणंदेच्या जागेच्या भानगडीबद्दल बोललो, जे पुण्यात गेले चार महिने राहून गेलं होतं. आमच्याकडे कोणी घड्याळ बघत नव्हतं.

बसमध्ये चढताना सकाळच्या फोटोचं कोडं सुटलं. दारातच टकीलाच्या बाटल्या मांडल्या होत्या आणि एका बाटलीच्या लेबलावर आम्ही होतो. माझ्या मानेवर सुरा, हिच्या डोक्यावर पिसांवाल्याचा हात. जावई किंमत बघून मागं सरले. ही पुढं झाली. "ऑलमोस्ट फ्री?" तिनं विचारलं. अर्ध्या किमतीत बाटली मिळाली. आता ती आमच्या ओट्यावर आहे, तिच्यात फोडणीचं तेल असतं.

काळोखात बस त्याच सरळ रस्त्यानं निघाली. ही खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी फोन हातात धरून बसलो होतो, कारण आठ वाजले की उठवायचं होतं. सात-अठ्ठावन्न झाले. सात-एकोणसाठ. बस राज्याच्या हद्दीवरून गेली आणि फोनवर एकदम नऊ वाजले.

मी फोन हलवून बघितला. हिला जाग आली. "झाले का आठ?"

"आज रात्री आठ वाजलेच नाहीत," मी म्हटलं. "सातनंतर नऊच."

तिनं क्षणभर विचार केला, पर्स उघडली आणि डबी काढली.

"सकाळी दोनदा वाजले होते की नाही? त्यातले एक तसेच ठेवलेत," ती म्हणाली आणि पाण्याच्या बाटलीसाठी हात पुढं केला.